परदेशी विद्यार्थ्यांसाठी ओटीपी-पालक योजना

माणूस कुठे आहे याला फारसे महत्त्व नसते. तो प्रणालीत आहे की नाही, याला असते. प्रणालीत नसलेला माणूस समोर उभा राहून जांभया देत असला तरी त्याला गैरहजरच धरावे लागते. आमच्या सातमाळा विद्यापीठाचा सारा कारभार या एका तत्त्वावर चालतो, आणि परदेशी संकुल जोडणी समितीचा सचिव या नात्याने मला त्याचा अभिमान आहे.

गेल्या वर्षी विद्यापीठाने मस्कतला संकुल काढले. (आधी फुलंब्रीला काढायचे चालले होते, पण तिथे जायला कुलगुरूंना विमान लागत नाही.) इमारत झाली, खुर्च्या झाल्या, विद्यार्थीही मिळाले. आता ते संकुल छत्रपती संभाजीनगरच्या केंद्रीय प्रणालीला जोडणे तेवढे बाकी होते, कारण प्रवेश, हजेरी, परीक्षेचा अर्ज, निकाल, सगळे या प्रणालीतूनच होते. जोडणीचा सोहळा थाटात झाला. नारळ सर्व्हरपासून सुरक्षित अंतरावर फोडला (मागचा अनुभव). पडद्यावर मस्कतची मुले हात हलवताना दिसली, टाळ्या झाल्या आणि मंडळी पेढे खायला बाहेर पडली.

मग सोनिया नावाच्या विद्यार्थिनीने तिकडून प्रणालीत शिरायचा प्रयत्न केला. प्रणालीने रीतसर विचारले, मोबाइलवर आलेला ओटीपी भरा. आमचा ओटीपी फक्त दहा आकडी मोबाइलला जातो आणि मस्कतचा मोबाइल असतो आठ आकडी. ही गोष्ट ओमानने आम्हाला आधी कळवायला हवी होती.

सोनियाचे म्हणणे असे की, परीक्षेचा अर्ज भरता आला नाही तर तिचे वर्ष वाया जाईल. म्हणणे रास्त असल्यामुळे समितीची बैठक बोलावली आणि तीन पर्याय तपासले.

पहिला, आठ आकड्यांच्या पुढे आपल्याकडचे दोन आकडे जोडणे. जोडले. सोनियाचे ओटीपी धाराशिवच्या एका आचाऱ्याला जाऊ लागले. माणूस भला, पंगत अर्धी सोडून विद्यापीठाला फोन लावायचा आणि आकडे सांगायचा. दोन लग्नांत वरण करपल्यावर त्याने नाद सोडला.

दुसरा, ओमानने आपले मोबाइल दहा आकडी करावेत. तसे विनंतीपत्र पाठवले आहे. (स्मरणपत्रही.)

तिसरा, प्रणालीतली मोबाइल नंबरची चौकट बदलणे. हा पर्याय कुणी मांडला ते इतिवृत्तात नाही, कारण मांडणाऱ्यानेच घाबरून तो मागे घेतला. चौकट बदलायला निविदा लागते, निविदेला मंजुरी लागते, आणि मंजुरी देणाऱ्या साहेबांचा ओटीपी त्यांच्या बदलून गेलेल्या पीएच्या मोबाइलवर येतो.

तेव्हा आमच्या संगणक कक्षाचे प्रमुख बद्रीनाथ सर, जे रोज फुलंब्रीहून ये-जा करतात, त्यांना बसमध्ये उभ्या उभ्या योजना सुचली. प्रत्येक परदेशी विद्यार्थ्याला आपल्या जिल्ह्यातला एक ओटीपी-पालक द्यावा. ओटीपी पालकाच्या मोबाइलवर यावा, पालकाने तो विद्यार्थ्याला फोनवर सांगावा. पात्रता अशी : मोबाइल दहा आकडी असावा, आकडे वाचता यावेत, विद्यार्थ्याशी नाते नसावे (हितसंबंध आड येतात), मोबाइलला रेंज असावी (ही अट शिथिल करता येईल). सरांनी सगळे पालक आपल्याच गल्लीतले घेतले, त्यामुळे निवड पारदर्शकपणे आणि एका फेरीत झाली.

सोनियाच्या वाट्याला मनकर्णाबाई आल्या. थोरला मुलगा पुण्याला कंपनीत, धाकट्याचा संभाजीनगरला पुंडलिकनगरात फ्लॅट, आणि फुलंब्रीला मनकर्णाबाई व दोन म्हशी. मोबाइल मुलांनीच घेऊन दिलेला, पण वाजायचा क्वचित. घरात त्यावर कसाबसा फोन लागे. मेसेज मात्र गावच्या पाण्याच्या टाकीचा जिना चढल्याशिवाय उतरत नसे. फोन कानाला लावून त्या चढत.

"आजी, ओटीपी आला का?"

"आला, आला. चष्मा लावू दे. तू जेवली का?"

"आजी, तो लगेच संपतो हो."

"संपू दे, दुसरा यील. जेवणाची येळ टळली की पित्त व्हतं, बाय. काय खाल्लं ते सांग आधी."

या पद्धतीने एकदा प्रणालीत शिरायला सरासरी साडेतीन ओटीपी लागत. (अर्धा म्हणजे म्हैस सुटल्यामुळे मध्येच थांबलेला.) पण सरांच्या पाहणीनुसार योजनेमुळे मस्कतच्या विद्यार्थ्यांचे वेळेवर जेवण्याचे प्रमाण लक्षणीय वाढले. मेथीची भाजी कडू का होते, कोणती म्हैस लाथ मारते आणि थोरली सून फोन का उचलत नाही, हेही सोनियाला ठाऊक झाले. अभ्यासक्रमात नसल्याने तिला त्याचे गुण देता आले नाहीत.

परीक्षेच्या अर्जाचा शेवटचा दिवस आला. (प्रणाली त्याच दिवशी उघडते, आधी ती शेवटच्या दिवसाची तयारी करत असते.) नेमक्या त्या दुपारी मनकर्णाबाई हर्सूलच्या मंगल कार्यालयात, भाच्याच्या लग्नात. डीजे चालू. फोनवर सोनिया रडत होती.

"आजी, आज अर्ज गेला नाही तर माझं वर्ष जाईल!"

मनकर्णाबाईंनी एवढेच ऐकले आणि थेट स्टेजवर चढल्या.

"बंद कर रं ते! हिथं पोरीचं वरीस चाललंय, अन् तुम्ही नाचायले?"

डीजे बंद झाला. चष्मा घरी राहिला होता, म्हणून त्यांनी मोबाइल पुंजारामभाऊंच्या हातात दिला. पुंजारामभाऊ तिथे माइकवर आहेर पुकारत होते, म्हणजे कुणी काय दिले ते सगळ्या मांडवाला सांगत होते. हातात आलेले पुकारायचे, ही त्यांची आयुष्यभराची सवय. त्यांनी घसा साफ केला आणि पुकारले, "मस्कतच्या सोनियाताईंकडून, आठ, शून्य, तीन, सात, एक, चार!"

आकडा सहा आकडी असल्यामुळे मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. नवरदेवाच्या वडिलांनी उभे राहून मस्कतच्या अंदाजाने हात जोडले. तिकडे सोनियाने फोनवर आकडे ऐकले, भरले आणि अर्ज गेला. मुलीचे वर्ष वाचले.

विद्यापीठाने या प्रकाराची गंभीर दखल घेतली. ओटीपी कुणालाही सांगू नये, असे प्रत्येक ओटीपीखाली लिहिलेले असते. तो कुणाला तरी सांगता यावा म्हणूनच आमची योजना होती, हे खरे. पण लाउडस्पीकरवर नव्हे. चौकशी लागली, पालक निलंबित झाल्या, आणि गवगवा नको म्हणून सुयश नावाच्या नव्या अभियंत्याला चौकट बदलायला सांगितले. त्याने ती चहा गार व्हायच्या आत बदलली. निविदा नंतर काढायचे ठरले. आता सोनियाचा ओटीपी सोनियाच्याच मोबाइलवर जातो, आणि मस्कत पूर्णपणे जोडले गेल्याचा अहवाल मी स्वतः लिहिला.

त्याच आठवड्यात मनकर्णाबाई बसने येऊन माझ्या खोलीत उभ्या राहिल्या.

"सायेब, पोरीचं माझ्या फोनवरून काढलं म्हणं?"

"आजी, तुमचा त्रास वाचला. आता टाकीवर चढायला नको."

"मी कवा म्हणलं तरास व्हतो म्हणून?" त्या म्हणाल्या. "ती आता फोन कशापायी करंल?"

प्रणालीत तक्रारींचे चार प्रकार आहेत : शुल्क, निकाल, वसतिगृह आणि इतर. मी 'इतर' निवडले. तक्रार नोंदवायला त्यांच्या मोबाइलवर ओटीपी आला. त्यांनी चष्मा लावून तो मला सावकाश वाचून दाखवला, आणि सवयीने विचारले, तुम्ही जेवले का. मला फार वाईट वाटले. तक्रार निकाली काढली आहे.

सोनियाचे त्यानंतर मनकर्णाबाईंना दोन फोन आले. मग तिची परीक्षा सुरू झाली, मग निकाल, मग पुढचे वर्ष.

वाचकहो, तुम्हाला त्या मुलीचा राग आला असेल, तर येऊ द्या. पण तुमच्या बँकेच्या खात्याला किंवा गॅसच्या नंबराला अजून आईचाच मोबाइल जोडलेला असेल, तर तो बदलायची घाई करू नका. समितीचा अनुभव सांगतो : तो बदललात, तर आईला फोन करायला तुम्हाला दुसरे कारण शोधावे लागेल, आणि तुम्ही फार कामात असता.