मालगाडीची भिंत

आखणी करावी तर लालासाहेबांनीच! निवृत्त सुभेदार ते. रानात मेंढरं बसवायची म्हटली तरी मोहिमेसारखी बसवणार. बिराप्पा धनगराचा कळप उद्या पहाटे आपल्या माण मुलखात परत निघणार होता. ही शेवटची रात्र कळप आपल्याच रानात बसणार, हे त्यांनी बिराप्पाकडून कधीच कबूल करून घेतलं होतं. लेंडीखतावर ऊस कसा उठतो, ते गावाला दाखवायचंच होतं. धास्ती एकच. आदल्या रात्री कळप रुळापलीकडं दादासोंच्या रानात होता, आणि दादासो पडले गोड बोलणारे. आणखी एक रात्र ठेवून घेतील!

सकाळी मेंढ्या फाटक ओलांडून अलीकडं आल्या. मागून बिराप्पाची बायको धोंडुबाई घोडीवर बिऱ्हाड लादून, कोकरं घेऊन येत होती, तेवढ्यात फाटक पडलं. मालगाडी आली, खडखडली आणि फाटकातच आडवी उभी राहिली. पुढं एका डब्याची चाकं रुळावरून उतरली होती. कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. गाडीच्या एका टोकाला नदीचा पूल, दुसऱ्या टोकाला कालवा. लालासाहेबांना देवच पावला. आता कळप पलीकडं जातोय कसा!

"आबा, कोकरं पल्याड हायती," बिराप्पा म्हणाला.

"असू देत की रं. कोकरांच्या लेंड्या त्या केवढ्या!"

थोड्या वेळात जॅक आणि लाकडी ठोकळे घेऊन रेल्वेची माणसं आली. त्यांच्या साहेबांनी सांगितलं, दुपारी तीनपर्यंत गाडी हलवतो. लालासाहेबांना तर ही गाडीची भिंत अंधार पडेपर्यंत हवी होती. पण सरकारी कामात अडथळा आणणं सुभेदाराला शोभत नाही. म्हणून त्यांनी पाहुणचार काढला.

आणि काय पाहुणचार! त्यांच्या पत्नी चंद्राबाईंनी आळीतल्या बायका गोळा करून पुरणपोळ्यांचा ढीग घातला. वर तूप, सोबत कटाची आमटी. नको म्हणणाऱ्याच्या ताटात आणखी एक पोळी पडत होती. जेवणं झाली आणि सगळी रेल्वे लिंबाखाली आडवी झाली, साहेबांसकट.

उन्हं कलल्यावर माणसं उठली आणि मग जे काम झालं, त्याला तोड नाही. हत्तीएवढा डबा जॅकवर बोटबोट वर येत होता. एकजण ठोकळा सरकवी, दुसरा नुसत्या नजरेनं थांब म्हणे. आवाज नाही, घाई नाही. शेवटी चाक रुळावर अलगद बसलं, तेव्हा पहिली टाळी लालासाहेबांनी वाजवली. मेंढरं, दादासो, ऊस, सगळं ते विसरले होते.

तोवर मेंढ्यांच्या कासा भरल्या होत्या. पलीकडं भुकेली कोकरं ओरडत होती. गाडी गेली, फाटक उघडलं आणि अख्खा कळप दादासोंच्या रानाकडं उधळला. कोकरं आयांना लुचली, मेंढ्या जागच्या जागी बसल्या.

"उठीव की त्यास्नी!" लालासाहेब धापा टाकत म्हणाले.

"आता कशी उठत्यात? कोकरू सोडून मेंढी बसत न्हाई, आबा. सकाळीच बोललो न्हवं?"

तेवढ्यात रेल्वेचे साहेब निरोप घ्यायला आले. असं गाव पाहिलं नाही, म्हणाले. जेवणात वेळ गेला नसता तर तीनलाच मोकळे झालो असतो, पण पोळ्यांपुढं तीनचं काय घेऊन बसलात!

चंद्राबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. "तीनला फाटक उघडलं असतं, तर कोकरं पाजायच्या आदीच हिकडं आली असती."

पण हार मानतील तर ते सुभेदार कसले! दुसऱ्या दिवशी पारावर त्यांनी ताठ मानेनं सांगितलं, की मेंढरं काय, पुढच्या साली बसतील. देशाचं काम करणारा माणूस आपल्या दारातून उपाशी जाता कामा नये. सगळ्यांना पटलं. सर्वांत आधी मान डोलावली ती दादासोंनी. ज्याच्या रानात मेंढरं दोन रात्री बसली, तो आणखी काय करणार!