रिकामी फेरी

सिनेमा सुरू झाला की आमचे गुणाजीभाऊ खुर्चीतून खाली घसरायला लागतात. आधी पाठ, मग खांदे, आणि शेवटी खुर्चीच्या पाठीवर फक्त टाळू उरते. साठी ओलांडलेला उंचापुरा माणूस असा घडी घालून बसलेला बघून पणजीच्या थिएटरातला बॅटरीवाला एकदा धावतच आला. त्याला वाटलं, ह्यांना चक्कर आली.

"चक्कर नाय रे बाबा," भाऊ म्हणाले. "मी आता चार वर्षांचो आसंय. तू बाजूक हो, माका दिसत नाय."

हे भाऊंनीच मला सांगितलं, तेही अगदी गंभीरपणे. मूल ज्या उंचीवरून बघतं त्या उंचीवरून बघितल्याशिवाय तो सिनेमा मुलांना चालेल की नाही हे कळत नाही, असं त्यांचं म्हणणं.

सर्वण गावात आमच्या घराला लागूनच भाऊंचं घर. बायको जाऊन सहा वर्षं झाली, मूलबाळ नाही. उभा जन्म त्यांनी खाणीवर ट्रक चालवला. खाणी बंद पडल्या तसा त्यांचा ट्रक अंगणात उभा राहिला तो उभाच. आता त्याच्या हौद्यात वाड्यावरची मुलं खेळतात आणि आरशावर माझे टॉवेल वाळतात. भाऊ मात्र रोज सकाळी बालदीभर पाणी घेऊन ट्रकची काच पुसतात. का पुसतात, हे विचारायचं माझ्या मनात कितीदा आलं. पण मी कुणाला चटकन काही विचारणारी बाई नव्हे.

सिनेमांचं काम त्यांच्याकडे आलं ते एका तापामुळे. शेजारच्या रुपालीचा मुलगा कुठलासा कार्टूनचा सिनेमा बघून आला आणि दोन दिवस तापाने फणफणला. कार्टून म्हणजे मुलांचंच असणार, असं समजून सगळ्या आया निर्धास्त होत्या. भाऊंनी सगळ्यांना झापलं.

"रिकामी फेरी मारलास?"

म्हणजे काय, ते कुणालाच कळेना. तेव्हा त्यांनी समजावलं. खाणीवर नवा रस्ता काढला, किंवा पावसाने जुना रस्ता खाल्ला, की पहिली फेरी रिकाम्या गाडीने मारायची. कुठे चढ, कुठे निसरडं, ते बघून यायचं आणि मग माल भरायचा.

"भरलेली गाडी अर्ध्या चढावर अडाकली की पुढे जायना आणि मागे येयना. पोराचां तसांच. काळोखात बसलां, भियालां, काय करतलां?"

त्या दिवसापासून भुरग्यांचा, म्हणजे मुलांचा, सिनेमा लागला की भाऊ आधी एकटे बसने पणजीला जातात, बघून येतात, आणि संध्याकाळी ट्रकच्या मडगार्डला टेकून निकाल देतात. निकाल तीनच. 'पास'. 'गाडी नेव नको'. आणि तिसरा, 'क्लीनर होया', म्हणजे क्लीनर हवा. क्लीनर म्हणजे ट्रकमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी बसून डावीकडची बाजू बघणारा माणूस. सिनेमाच्या बाबतीत क्लीनर म्हणजे मुलाचा हात धरून बसणारं मोठं माणूस.

त्यांचे निकाल ऐकायला मजा यायची, कारण ते कशावर अडतील याचा नेम नसे. एका सिनेमात भुतंच भुतं होती. तो पास. दुसऱ्यात एक ससा तोतऱ्या गाढवाला सगळ्यांसमोर चिडवतो, एवढंच. त्याला गाडी नेव नको.

"अहो भाऊ, भुतांना पास आणि सशाला नापास?" रुपालीने विचारलं.

"भुतां खोटी, तां पोरांका ठावक आसता. चिडवणां खरां."

मी माझ्या जनेलातून, म्हणजे खिडकीतून, हे ऐकलं आणि हातातलं भांडं तसंच राहिलं. ह्या माणसाला हे कुणी शिकवलं असेल?

मग आला तो रेडकाचा सिनेमा. रेडकू म्हणजे म्हशीचं पिल्लू. त्याचा पहिला भाग साऱ्या वाड्याला पाठ होता. रेडकू चिखलात लोळतं, बगळ्याशी भांडतं, देवळाच्या तळीत पडतं. माझी नात सई तर जेवतानाही रेडकासारखी मान हलवायची. आता दुसरा भाग लागला होता. पहिला चांगला म्हणजे दुसराही चांगलाच असणार, असं धरून आयांनी तर कोणत्या दिवशी जायचं तेही ठरवलं होतं.

"दुसरो भाग म्हणजे तोच रस्तो, पण पावसानंतरचो," भाऊ म्हणाले. "मी बघून येतंय."

मला ते बरं वाटलं. सई साडेचार वर्षांची. तिची आई, म्हणजे माझी मुलगी, चतुर्थी झाल्यावर कुवेतला कामाला गेली. सईचे वडील आधीपासूनच बोटीवर. आई निघाली तेव्हा सई रडली नाही. नंतरही नाही. पण फोन वाजला की ती उठून ट्रकच्या हौद्यात जाऊन बसायची आणि आईशी बोलायची नाही. रडली असती तर मी निदान जवळ घेतलं असतं. तिच्या आत काय चाललंय ते मला कळत नव्हतं, आणि एखाद्या सिनेमाने ते भलत्या जागी उघडू नये, एवढीच माझी काळजी होती.

भाऊ परत आले. सगळे अंगणात जमलो.

"रेडकू ट्रकात चढता आणि गवतात निजता," भाऊंनी सुरुवात केली. "ट्रक शहरात जाता. ट्रकवालो जाडो, मिशीवालो. एका टायमाक सहा थाळ्ये जेवता! खंयचो ट्रकवालो सहा थाळ्ये जेवता? आणि घाट उतारता तो न्यूटलात! पोरां काय शिकतली?"

"ते राहू दे. पुढे?" रुपाली म्हणाली.

"पुढे शहरात पोचता. मगे रेडकू घरी येता, बगळो नाचता, गाणां."

"आणि मध्ये?"

"मधी रस्तो खराब आसा."

"म्हणजे पास की नापास?"

भाऊंनी मडगार्डवरची नसलेली धूळ पुसली. "परत एकदा बघून सांगतंय."

ते परत गेले. परत आले. ट्रकवाल्याच्या मिशीबद्दल आणखी बरंच काही कळलं, पण मधलं काही कळलं नाही. तिसऱ्यांदा गेले, तेव्हाही तेच. शहरात पोचता, मगे घरी येता. मुलं कंटाळली. दोघातिघांच्या आयांनी भाऊंचा नाद सोडला आणि मुलांना दाखवूनही आणलं. सई माझ्याकडे बघत राहायची.

गुरुवार हा सिनेमाचा शेवटचा दिवस होता. बुधवारी मी भाऊंना पाव द्यायला गेले आणि तशीच उभी राहिले.

"काय गो वयनी?"

"भाऊ, मध्ये काय आहे?"

त्यांनी पाव मोजून घेतले. मग पावाच्या पिशवीकडे बघत म्हणाले, "खरां सांगू? माका ठावक नाय. थंय मी भायर जातंय."

"तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा. त्या रेडकाची आवस, तेची आई, दिसना नाय आणि तां हाका मारूक लागता. तेच्या फुडचां मी बघूक नाय."

मी थिएटरात शेवटची कधी गेले ते मला आठवतही नाही. तरी तोंडातून निघून गेलं, "मग उद्या मी येते. सईला घेऊन. दाराजवळ बसू. तिला नको वाटलं तर उचलून बाहेर आणीन."

"रिकामी फेरी मारल्याशिवाय?"

"आता वेळ कुठे आहे?"

गुरुवारी आम्ही तिघं बसने पणजीला गेलो. सिनेमा सुरू झाला आणि भाऊ खरंच घसरले. सईने बघितलं आणि तीही घसरली. दोघांची डोकी एका रेषेत आली. ट्रक न्यूटलात घाट उतरला तेव्हा भाऊंनी कपाळावर हात मारला आणि सई खुदकन हसली.

मग शहर आलं. एका परक्या गोठ्याचं मोठं दार आणि त्याच्यासमोर ते एवढंसं रेडकू. त्याने पहिली हाक मारली. शेजारची खुर्ची वाजली. भाऊ उठून चालले होते.

"आजो खंय चल्लो?" सईने विचारलं.

"येतील हां. तुला जायचंय बाहेर?"

तिने मान हलवली. नाही. माझं बोट मात्र घट्ट धरलं. मी पडद्याकडे बघितलंच नाही, तिच्याकडे बघत राहिले. रेडकू हाका मारत होतं, थांबत होतं, परत मारत होतं. सईचे ओठ हलत होते. किती वेळ गेला कोण जाणे. मग कुठूनतरी लांबून म्हशीचा आवाज आला, आणि सई खुर्चीतून उतरून दाराकडे पळाली. मी तिच्या मागे.

बाहेर बाकावर भाऊ दाराकडे पाठ करून बसले होते.

"आजो! इली तेची आवस!"

भाऊ वळले. "खरांच इली?"

"होय. खूप येळ लागलो तिका. पण इली. चल, दाखयतंय." तिने त्यांचं बोट धरलं आणि त्यांना आत नेलं. बगळ्याचं गाणं भाऊंनी ताठ बसून बघितलं, सईने त्यांच्या मांडीवर बसून.

परतीच्या बसमध्ये भाऊ जनेलाबाहेर बघत होते. मी काही विचारलं नव्हतं.

"आई माका मामाकडे सोडून गेली तेव्हा मी हिच्याएवढोच," ते म्हणाले. "दोडामार्गासून चलत इलेलो. चवथीक येतंय म्हणाली. मी मामाच्या दारात उभो ऱ्हवान हाका मारलंय." मग म्हणाले, "आमच्या सिनेमाक दुसरो भाग इलो नाय."

सई मध्ये बसली होती. तिने माझा पदर ओढला. "आज्जी, आज आईचो फोन येतलो मगो?"

"येतलो," मी म्हटलं.

"माका दी हां."

सर्वणच्या थांब्यावर रुपाली दोघातिघींबरोबर उभीच होती. "भाऊ, आता तरी सांगा. सिनेमा कसा?"

भाऊंनी टॉवेलाने तोंड पुसलं, सईला खाली उतरवलं आणि निकाल दिला.

"पास. पण क्लीनर होया. पोरांका न्हय, ड्रायव्हराक."