सुपडूआप्पांची गाजरं

सुपडूआप्पा भेटले की नमस्काराच्या आधी विचारायचे, "मास्तर, काल भाजी कोणती खाल्ली?" मी बटाटा म्हणालो की त्यांचा चेहरा पडायचा. पालक म्हणालो तर पाठीत अशी थाप बसायची की पुढच्या वेळी बटाटाच बरा वाटायचा.

सुरतेच्या लिंबायतमध्ये आमची घरं भिंतीला भिंत लावून होती. मी मराठी शाळेत मास्तर, आप्पा पलसाण्याला एका कारखान्यात कापड रंगवायचे. गल्लीत नुकतीच केबल आली होती, त्या वेळची ही गोष्ट. शेंगदाण्याच्या पुडीच्या कागदावर आप्पांनी वाचलं, की भाज्या-फळं खाल्ली तर कातडीचा कॅन्सर कदाचित लांब राहतो. त्यातलं 'कदाचित' त्यांनी शेंगदाण्यांबरोबर चावून टाकलं असावं.

"वरून लावलेला रंग पहिल्या धुण्यात जातो मास्तर. आतून चढला पाहिजे," हे त्यांचं शास्त्र. रिक्षावाल्यांना थांबवून ते टमाटे वाटायचे. माझी बायको भजी तळायला बसली की आधी खिडकी लावून घ्यायची.

थंडीत गाजरं आली आणि कहर झाला. सारी सुरत पोंक, म्हणजे ज्वारीचा हुरडा, खात होती, आप्पा गाजर. न्याहारीला गाजर, डब्यात गाजर, भाकरीशी गाजर. दोन महिन्यांत त्यांचे तळहात पिवळे पडले. सुपरवायझर ओरडला, "कोणत्या हौदात हात घातलास?" आप्पांनी कापडाचा रंग तपासतात तशी ओली पांढरी चिंधी तळहातावर खसाखसा घासली आणि त्याच्यापुढे धरली. चिंधी पांढरीच होती.

"पक्का रंग शे साहेब."

काविळीच्या भीतीनं साहेबानं त्यांना घरी पाठवलं.

दुपारी शाळेतून आलो तो तडक त्यांच्याकडे गेलो. आप्पा जेवत होते. "आप्पा, स्वतःच्या कातडीवर इतकं प्रेम बरं नव्हे," मी सुनावलं. ते हसून अर्धी गाजरं ताटात तशीच ठेवून उठले, आणि त्याच ताटावर त्यांची बायको, सुमनअक्का, जेवायला बसल्या. त्यांच्याकडे ती जुनी रीत होती.

आप्पा मला ओट्यावर घेऊन गेले. अक्कांच्या नाकाशेजारी एक पांढरट व्रण होता. मी वर्षभरापूर्वीच तिथं राहायला आलो होतो, त्यामुळे तो लहानपणचा समजत होतो. आप्पांनी सांगितलं, दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी तिथली गाठ काढली होती. कातडीचा कॅन्सर. सगळा निघाला, पण परत येऊ शकतो, म्हणाले होते.

"तिला खा म्हटलं तर म्हणते, तुम्हाला राहू द्या. पण माझ्या ताटातलं टाकत नाही. मग मीच खायला लागलो." मग आत दाराकडे बघत म्हणाले, "मला कुठं गाजर आवडतं, मास्तर?"

मला माझ्या थट्टेची लाज वाटली.

"डॉक्टरांना परत दाखवलं का?"

"दर सहा महिन्यांनी बोलावलंय. वर्ष झालं, गेलो नाही. काही निघालं तर?"

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि दोघांना रिक्षात बसवलं. डॉक्टरांनी भिंग लावून अक्कांचा चेहरा, मान, हात, सगळं निरखून पाहिलं. काहीही नव्हतं. मग आप्पांचे तळहात बघून ते खो खो हसले. भाज्या खा, चांगल्याच आहेत, पण तपासणीचं काम गाजर करत नाही, म्हणाले. उन्हात डोक्यावरून पदर घ्या आणि सहा महिन्यांनी न चुकता या.

आप्पांनी मान डोलावली, बाहेर आले, बाकावर बसले आणि भर माणसांत हुंदके देऊन रडू लागले. अक्का ओशाळल्या. इकडेतिकडे पाहत त्यांनी आप्पांच्या खांद्यावर हात ठेवला.

"उठा आते," त्या हळूच घरच्या अहिराणीत म्हणाल्या. "मी शे ना आठे."