लोखंडी टेबलास चाकें बसविलीं त्याची हकीकत

श्रीविद्युल्लता प्रसन्न. जी डोळ्यांस दिसत नाहीं आणि चुकल्यास क्षमा करीत नाहीं, तीस आधीं दंडवत घालोन, शके १९४४ शुभकृत नाम संवत्सरे मार्गशीर्षमासीं जें जाहलें तें लिहितों. पाण्याचे पंप जोडण्याचा एक कारखाना, म्हणजे एक राज्यच होतें. तेथें बारा लोखंडी टेबलें, आणि सातव्यावर अनसूयाबाई पोकळे मोटारींची जुळणी करीत, आणि त्या टेबलास व त्यावरील मशीनास वीज भिंतीच्या भोकांतून लवचीक वायरीनें येत असे. ऐसीं नऊ वर्षें गेलीं. मग भोकाच्या कडेस घासोन घासोन वायर सोलली आणि बाईंच्या बोटांस झिणझिण्या येऊं लागल्या. शिदोजी वायरमन यांनीं टेबलाच्या पायास टेस्टर लाविला, तों दिवा लागला! मग ते कारभारी त्रिंबकपंत यांजकडे जाऊन बोलिले, "पंत, कायदा ऐसा कीं, लवचीक वायर हलत्या वस्तूस द्यावी. जागचें न हलणाऱ्या टेबलास पाइपांतून पक्की वायरिंग हवी, आणि भिंतींतून तर ही वायर नेऊंच नये. दोन दिवस काम बंद ठेवा, मी करून देतों." पंत बोलिले, "दोन दिवस? वेड लागलंय का?" आणि विचारांत पडले, आणि मग एकाएकीं मांडीवर थाप मारोन म्हणाले, "हलत्या वस्तूस चालते ना? मग टेबलास चाकें लावा!" काय ती अक्कल! सर्वत्र वाहवा जाहली, आणि जें टेबल नऊ वर्षें तसूभर सरकलें नव्हतें त्यास चार चाकें बसलीं. बाईंनीं पुसिलें, "शिदोजीदादा, चाकांनी झिणझिण्या जातील का हो?" शिदोजी खालीं बसोन चाकांचे नट आवळूं लागले. आम्हांस हें लिहितांना आजही लाज वाटते, कारण वाहवा करणाऱ्यांत आम्हीही होतों.

मग तिसरे दिवशीं विजेचे निरीक्षक कोंडविलकरसाहेब यांची स्वारी आली. पंतांनीं मोठ्या दिमाखानें दाखविलें, "साहेब, हलतं टेबल आहे." साहेब बोलिले, "आधी मेन स्विच बंद करा, मग हलवा पाहू." चौघांनीं रेटलें, आणि टेबल वीतभर सरकलें, आणि वायर ताणोन उभें राहिलें. साहेबांनीं भिंतीचें भोक पाहिलें आणि चाकें पाहिलीं, आणि स्विच पुन्हा चालू करवून बाईंस म्हणाले, "रोज तुम्हीच बसता ना इथं? मशीन सुरू करा बरं." बाई जागच्या हलेनात. म्हणाल्या, "साहेब, मला भीती वाटते." पंत खेंकसले, "लावा की हात! काय होतंय त्याला?" साहेब शांतपणें बोलिले, "काही होत नसेल, तर पंत, आपणच लावा."

सारें राज्य पाहात होतें. पंतांची पांचावर धारण बसली, परंतु अब्रूचा प्रश्न, म्हणोन हात पुढें गेला. तोंच अनसूयाबाईंनीं धावोन त्यांचें मनगट धरिलें आणि मागें ओढिलें. "अहो पंत, नका! मराल!"

पंत स्टुलावर बसले. मग म्हणाले, "बाई, मी तर तुम्हांला लावा म्हणालो होतो."

एकूण मतलब इतकाच: त्याच घटकेस वीज बंद जाहली, मग पाइप बसला, पक्की वायरिंग आणि अर्थिंग जाहलें, आणि अनसूयाबाई सुखरूप आहेत.