अटी यायच्या आधीचे चार सेकंद

गोकुळचं लग्न चार वर्षं अडलं होतं ते सात अटींपायी. अटी त्याच्या आईने, द्वारकाबाईंनी, मुकुंदवाडीच्या वधू-वर केंद्रात स्वतः सही करून लिहून दिल्या होत्या. मुलगी उंच हवी, चष्मा नको, नोकरी नको, अठ्ठावीसच्या आतली हवी आणि अशाच आणखी तीन. इकडे गोकुळ चौतीसचा झाला होता. चिकलठाण्याच्या कारखान्यात त्याच्या मागून लागलेल्यांची पोरं शाळेत जायला लागली होती. पण अटी काढायचा विषय निघाला की द्वारकाबाईंच्या डोळ्यांपुढे पिशोरची नणंद, आवडाबाई, उभी राहायची. तिने आणलेली तीन स्थळं त्यांनी याच अटींवर बोट ठेवून परत पाठवली होती. आता एक जरी अट खोडली, तर ती गावभर डांगोरा पिटल्याशिवाय राहणार होती थोडीच?

त्या रविवारी मायलेक केंद्रात आले, तर तिथल्या कॉम्प्युटरवर नवा प्रोग्राम बसवलेला. जुना उघडायला अर्धं मिनिट घ्यायचा आणि कोऱ्या पडद्यासमोर लोक चुळबुळ करायचे. म्हणून केंद्राच्या भानुमतीबाईंच्या भाच्याने, विश्वजितने, शक्कल लढवली होती. यादी लगेच उघडायची, आणि ज्याच्या त्याच्या साठवलेल्या अटी मागून सावकाश यायच्या. झालं काय, तर अटी येईपर्यंतचे चार सेकंद केंद्रातल्या झाडून सगळ्या मुली दिसायला लागल्या.

यादीत सगळ्यात वर होती दीपमाला. हसरी, तरतरीत. गोकुळला ती बघताक्षणी आवडली. द्वारकाबाईंनाही आवडली, आणि याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. तेवढ्यात अटी आल्या, दीपमाला गेली आणि ‘आपल्या अटींत बसणारं एकही स्थळ नाही’ एवढी पाटी मागे उरली.

“पुन्हा उघड,” द्वारकाबाई म्हणाल्या.

गोकुळने प्रोग्राम बंद करून उघडला. दीपमाला आली आणि गेली. या खेपेला चष्मा दिसला. तिसऱ्या खेपेला कळलं, ती दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरी करते. चौथ्या खेपेला वय कळलं, बत्तीस. दर खेपेला एकेक अट मोडत होती, पण द्वारकाबाई हटायला तयार नव्हत्या. मोबाइल केंद्राच्या नियमाप्रमाणे दारातल्या टोपलीत काढून ठेवलेले, त्यामुळे फोटोही काढता येईना. द्वारकाबाईंनी सरळ पदर खोचला.

“मी वरून वाचते, तू खालून वाच. फोन नंबर तुझ्याकडं.”

नंबर अगदी तळाला होता. तिथवर सरकेपर्यंत तीन सेकंद जायचे आणि उरलेल्या एकात गोकुळ जेमतेम एखाद-दोन आकडे तळहातावर उतरवायचा. असे आठ आकडे जमले, आणि नेमकं भानुमतीबाईंच्या लक्षात आलं. काय चाललंय, असं त्यांनी विचारलं. गोकुळ सरळमार्गी माणूस, त्याने सगळं सांगून टाकलं. बाई नियमाच्या पक्क्या. आतल्या खोलीतून विश्वजितला हाक गेली. तो बिचारा ओशाळला आणि माफी मागून, दहा मिनिटांत चूक दुरुस्त करून मोकळा झाला. आता आधी अटी, मग मुली. त्याने मोठ्या अभिमानाने उघडून दाखवलं. पडद्यावर एकही मुलगी नव्हती.

गोकुळने तळहाताकडे बघितलं. दोन आकडे कमी होते. चार वर्षांत जे बोलला नव्हता ते तो बोलला.

“आई, मला हीच पाहिजे.”

भानुमतीबाईंनी अटींचा कागद पुढे सरकवला. नकोत त्या खोडा, शेजारी सही करा, मुलगी लगेच दिसेल, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. द्वारकाबाईंनी पेन घेतलं. कागदाला टेकवलं. पुन्हा आवडाबाई डोळ्यांपुढे उभी राहिली, आणि त्यांनी पेन टेबलावर परत ठेवलं. मग त्या विश्वजितकडे वळल्या.

“बाबा, तू पहिल्यासारखंच कर. कागद हाय तसा राहू दे. अटी बी येऊ दे, मी कुठं नाय म्हनते? फकस्त जरा उशिरा.”

“किती उशिरा, मावशी?”

द्वारकाबाईंनी लेकाच्या तोंडाकडे एकदा नीट बघून घेतलं.

“अक्षता पडल्यावर.”