बखर निरीश्वरांच्या कढीपत्त्याची

कोणीही प्रसन्न नसता, परंतु कोणाची हरकतही नसता, जैसे घडले तैसे लिहून ठेवावे, पदरचे घालू नये, ऐसा हुकूम पोरांच्या हुजुरातून जाहला, सबब सेवकाने कलम उचलिले. शालिवाहन शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, ज्येष्ठ मास, शाळा उघडोन आठवा रोज, वार रविवार. संवत्सराच्या नावास शास्त्रीय आधार नाही, परंतु त्या साली मंडळी खरोखरच क्रोधात होती, म्हणोन नाव राहू दिले.

एक राज्य होते. चार इमारती, भोवती तट, तटास एकच दरवाजा, आणि दरवाजावर दगडूबा नामे पहारेकरी, तो येणाऱ्यास वही पुढे करी आणि जाणाऱ्यास सलाम करी. राज्यात घरे शंभरावर, पैकी तीन घरी देव नव्हता. पहिले घर चंद्रहासपंत देवस्थळी यांचे, ते कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवीत, आणि आडनावाचा विषय निघाल्यास खिडकीबाहेर पाहत. दुसरे घर दंतवैद्य हणमंतराव फुलसुंदर यांचे. तिसरे शकीलभाई अत्तार यांचे, ते छापखान्याचे धनी, निराळ्या वाटेने निघोन त्याच मुक्कामी पोचलेले. तिन्ही घरी एकेक अपत्य. पंतांची कन्या जिज्ञासा, वय वर्षे नऊ, तीस सर्व जिजी म्हणत, फुलसुंदरांचा प्रमेय, अत्तारांची समता. भाद्रपदी राज्याची सारी पोरे मांडवात झांजा बडवीत, आणि जिजी गॅलरीत उभी राहोन ग्रहमालेचा तक्ता हाती धरोन खाली पाहे. एके दिवशी तिने विचारिले, "बाबा, सगळ्यांचं काहीतरी आहे. आपलं काय आहे?" पंत बोलिले, "आपल्याकडे विवेक आहे, बेटा." जिजी बोलिली, "तो कुठे राहतो? खेळायला येईल का?"

हे बोलणे पंतांच्या वडील भगिनी गोदूआत्या यांनी ऐकिले. आत्यांचे वास्तव्य समोरच्या इमारतीत, वय सत्तर, दर रविवारी देवळात बालसंस्कार वर्ग चालवीत, तेथे साठ पोरे ओठांवर बोट ठेवोन बसत. आत्या म्हणाल्या, "चंदू, देव नको म्हणतोस, नको. मी काही बोलते का? पण पोरीला चार माणसं नकोत? रविवारी माझ्याकडे पाठव." पंत म्हणाले, "ताई, आम्ही आमचं बघू." आत्या म्हणाल्या, "बघा ना. वर्ष देते. मोठं काही मागत नाही. माणसं घडवण्याआधी एक झाड जगवून दाखवा. वर्षाने ते कुंडीत जितं दिसलं तर मी गप्प. नाही दिसलं तर जिजी माझ्या वर्गात." पंतांनी तावातावाने हात पुढे केला, आणि तह जाहला. जिजीस कोणी विचारिले नाही. ती मात्र त्या दिवसापासोन झाडाविषयी फार जपोन बोलू लागली.

मग तिन्ही सरदारांनी खलबत करोन दर रविवारी पोरांची सभा भरवावी ऐसे ठरविले. सभा सुरू कशी करावी हा प्रश्न पडला. दिवा लावणे हे कर्मकांड, सबब पुरोगामी रिवाजाप्रमाणे रोपास पाणी घालोन आरंभ करावा. रोप कोणते, यावर तीन रविवार गेले. तुळस म्हणताच सर्व सरदार एकमेकांकडे पाहू लागले. मनीप्लांट म्हणावे तर त्याने पैसा येतो ही अंधश्रद्धा. निवडुंग सुचविला तो प्रमेयने, पाणी कमी लागते म्हणोन. तो पोर म्हणोन त्याचे कोणी मनावर घेतले नाही. अखेर शकीलभाई बोलिले, "कढीपत्ता घ्या. फोडणीला ना जात, ना धर्म. लागला की तोडायचा, आमटीत टाकायचा. त्याच्यापुढे कोणी हात जोडणार नाही." हा ठराव एकमताने मंजूर जाहला.

आता पाणी कोणी घालावे? एकाने घातले तर बाकीच्यांचा उपमर्द, आणि समता हे तर सभेचे पहिले कलम. म्हणोन सहा वडील आणि तीन पोरे मिळोन नऊ तांबे दर रविवारी कुंडीत पडत. पाहुणा आला तर दहावा, आणि पाहुणा बोलका असला तर त्याचे बोलणे संपेतो तो ओतीतच राही. पाण्यानंतर पाठ होई. पहिला पाठ सत्याचा. जिजीने विचारिले, "खरं का बोलायचं? देव शिक्षा करत नाही ना?" पंत उभे राहिले, चष्मा पुसिला, आणि बोलिले, "कारण पुरावा समोर आला की आपली बाजू हरली तरी कबूल करायचं. त्यालाच माणूस म्हणतात." जिजीने हे वाक्य वहीत उतरोन घेतले आणि खाली तारीख घातली. पाठानंतर चणे आणि गूळ वाटीत, त्यास अल्पोपाहार ऐसे नाव. एकदा हणमंतरावांचा गुळाचा खडा भुईवर पडला, तो त्यांनी उचलिला, कपाळास लाविला आणि खाल्ला. प्रमेय म्हणाला, "बाबा, हा प्रसाद आहे का?" हणमंतराव म्हणाले, "नाही रे, कपाळाला खाज आली होती."

आणि पोरांस मोजमाप शिकविले होते. जिजी दर रविवारी स्टीलची पट्टी लावोन रोपाची उंची लिही, प्रमेय पाने मोजी, समता चित्र काढी. मार्गशीर्षात क्रिकेटचा चेंडू लागोन डावीकडची फांदी तडकली, तेव्हा जिजी दोन घास जेवली नाही. हणमंतरावांनी दवाखान्यातील पांढरी पट्टी आणोन फांदी बांधिली आणि बधिर करण्याचे इंजेक्शन लागणार नाही ऐसे तीस सांगितले. पोरे आता रविवारची वाट पाहत, एकमेकांच्या घरी जेवत, भांडत, आणि समतेस गोवर निघाला तेव्हा जिजी व प्रमेय जिन्यात बसोन बंद दरवाजातून तिला सर्व पाठ मोठ्याने वाचोन दाखवीत. सभेच्या इतिवृत्तात याची नोंद नाही, कारण त्या दिवशी सभा नव्हती.

मग माघ लागला, आणि रोप पिवळे पडू लागले. सरदारांनी मसलत केली, आणि पाणी कमी पडते ऐसा निष्कर्ष निघाला. चैत्रात अर्धी पाने गळाली. वैशाखात शाळेस सुट्टी लागली, तिन्ही पोरे आपापल्या आजोळी रवाना जाहली, आणि जाताना जिजी कुंडीपाशी येऊन बोलिली, "मी येईपर्यंत थांब हं." पोरे गेली, आणि पाचव्या दिवशी उरली पाने गळोन रोपाची निव्वळ काडी राहिली.

तेव्हा तिन्ही सरदार भर दुपारी पंतांच्या दिवाणखान्यात जमले. पंत म्हणाले, "ताईला सांगून टाकू. हरलो म्हणू." शकीलभाई म्हणाले, "आपण हरू हो. पण रविवारी जिजी नसली तर समताला मी काय सांगू? पोरगी आठवडाभर त्या चण्यांवर जगते." हणमंतराव म्हणाले, "दातात हेच करतो आपण. आतली नस मेली तर वरून कॅप बसवतो. हसताना कुणाला कळतं?" पंत बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले, आडनावाचा विषय नसता. आणि मग तिघे मोटारीत बसोन नर्सरीवर चाल करोन गेले, आणि त्याच चणीचे दुसरे रोप जिंकोन आणिले. जुनी काडी मातीसकट पंपघरामागे टाकिली, नवे रोप त्याच कुंडीत लाविले, आणि हणमंतरावांनी जुनी पट्टी सोडोन नव्या रोपाच्या डावीकडच्या फांदीस तैसीच बांधिली. ज्यांनी वर्षभर सत्याचे पाठ दिले त्यांनी ऐसी सफाई दाखविली, की सेवकास लिहिताना लाज वाटते, आणि थोडे कौतुकही.

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, ज्येष्ठ मास, रविवार. वार्षिक सभा. पोरे आदल्या सांजेस परतली होती. सतरंज्या अंथरिल्या, आत्यांस खुर्ची दिली, कुंडी मध्यभागी ठेविली. रोप हिरवेगार. आत्यांनी चष्मा सावरोन ते पाहिले, आणि त्यांचे डोळे पाणावले. त्या बोलिल्या, "जगलं गं बाई. चंदू, जिंकलास. मी आता बोलणार नाही." टाळ्या वाजल्या. इतुक्यात जिजी रिवाजाप्रमाणे पट्टी घेऊन उठली, उंची मोजिली, वहीत पाहिले, पुन्हा मोजिली. प्रमेयने पाने मोजिली, आणि तो वही मिटोन बसला. मग जिजीने हळूच फांदीचे बँडेज सोडिले. आत जखम नव्हती.

जिजी उभी राहिली. तिने बापाकडे पाहिले, मग आत्यांकडे, मग समतेकडे. समता मान हालवोन "नको" म्हणत होती. परंतु ती बोलिली, "हे आपलं झाड नाही. आपलं एक्केचाळीस सेंटिमीटर होतं. आणि त्याला लागलं होतं." मग म्हणाली, "म्हणजे आपण हरलो. आत्या, मी येते तुझ्या वर्गाला." आणि मग मात्र ती रडू लागली.

चंद्रहासपंत उभे राहिले. म्हणाले, "पोर खरं बोलतेय. झाड मेलं. आम्ही तिघांनी बदललं. कल्पना दंतवैद्यांची, पण मोटार माझी." शकीलभाई म्हणाले, "आणि मेलं ते माझ्यामुळे. ऊन बघवत नव्हतं, रोज दुपारी एक बादली घालायचो." हणमंतराव चमकोन म्हणाले, "तुम्हीही? मी फिरून आल्यावर रोज बाटलीभर." पंतांच्या पत्नी मृणालबाई म्हणाल्या, "तांदळाचं धुवण कुठे जातं असं वाटलं तुम्हाला?" दगडूबा दाराशी उभा होता, तो टोपी काढोन पुढे आला. "साहेब, माझ्या पण दोन बादल्या. पोरांचं झाड म्हणून." प्रमेयने वही उघडोन बेरीज केली आणि म्हणाला, "रोजचे सदतीस लिटर. यात भात लावता आला असता."

तेव्हा सर्वांच्या माना आत्यांकडे वळल्या, कारण निवाडा त्यांचा. आत्या पदराशी चाळा करीत होत्या. म्हणाल्या, "माझ्याकडे काय बघता?" मग थांबोन, फार हळू, "दर गुरुवारी अभिषेकाचं पाणी. तांब्याभर." पंत म्हणाले, "ताई! तू? अगं, ते मेलं असतं तर तू जिंकत होतीस!" आत्या कडाडल्या, "गप रे. झाड मरावं म्हणून पैज लावली होती का मी? पोरगी रविवारी गॅलरीतून हसत हात करायची मला. ते जाईल म्हणून घालत होते. देवाला म्हटलं, त्यांचा तुझ्यावर विश्वास नसेना का, तू आपलं लक्ष ठेव."

जिजीने डोळे पुसोन विचारिले, "पण आपलं झाड टाकलं कुठे?" मग सारी सभा, सतरंज्या तशाच टाकोन, आत्यांस पुढे घालोन, पंपघरामागे चालोन गेली. तेथे सावलीत मातीचा गोळा पडलेला, त्यातून काडी उभी, वर पंपाचा नळ ठिबकत होता; दिवसास चार थेंब, तेही विनाभाषण. आणि काडीच्या बुडाशी नखाएवढा हिरवा कोंब फुटला होता. जिजी गुडघ्यांवर बसली आणि तडकलेल्या फांदीस बोट लावोन म्हणाली, "हे आपलं." तिने कोंबास मोजपट्टी लाविली आणि वहीत लिहिले, एक सेंटिमीटर. आत्या म्हणाल्या, "कुंडीत नाही, पण जितं आहे. तह मोडला नाही. जिजी, तू आपल्या सभेलाच जा." मग कोणी न सांगता सर्वांनी मिळोन तो गोळा उचलिला, एवढ्याशा मातीस अकरा जण, आणि वाटेत तीनदा पाडिला.

त्याउपरि पोरांनी निवाडा केला, तो ऐसा, की वडिलांनी यापुढे सतरंजीवर बसावे आणि पोरांनी खुर्चीवर. आणि आठवड्याच्या सातही दिवशी रोपास पाणी न घालण्याची पाळी सात जणांत वाटोन द्यावी, ज्याची पाळी त्याने स्वतः घालू नये आणि दुसऱ्यास घालू देऊ नये. रविवारी सभेत एकच तांबा, तो प्रमेय मोजोन घालील, आणि त्याची निवडुंगाची सूचना इतिवृत्तात नव्याने लिहावी. आत्यांस गुरुवार मिळाला. त्या दिवशी त्या कुंडीशेजारी खुर्ची टाकोन रिकामा तांबा मांडीवर घेऊन बसतात, आणि येणारा जाणारा कोणत्याही पंथाचा असो, त्याचे हात तपासतात. सभेची वेळ त्यांच्याकरिता दुपारवर नेली, सबब रविवारी सकाळी त्यांचा वर्ग आणि दुपारी ही सभा, ऐसे दोन्ही त्या करितात, आणि चणे दोनदा मागोन घेतात. नर्सरीतून आणिलेले रोप दगडूबाच्या चौकीत आहे, तेही बरे आहे.

सारांश हाच, की झाड वाढले, कमरेस लागले, पानांनी डवरले. ते फोडणीसाठी घेतले होते. परंतु आजतागायत त्याचे एक पान तोडण्याची छाती त्या राज्यात कोणाची जाहली नाही. तिन्ही निरीश्वर घरी कढीपत्ता मंडईतून येतो. इतुके लिहोन सेवकाने कलम धुतले, आणि ते पाणी कुंडीत घातले नाही, कारण आज पाळी सेवकाची आहे.