दुसरा रोल

शेलूबाजारच्या देवमनरावांना आपला कॅमेरा दुरुस्त व्हायला नको होता. बत्तीस वर्षं तो पेटीच्या तळाशी बिघडून पडला होता आणि तसाच पडून राहावा, एवढंच त्यांचं म्हातारपणाकडे मागणं होतं. पण सून मंजुषा पडली हौशी. सासूसासऱ्यांना खूश करावं म्हणून तिने पेटी उपसली, कॅमेऱ्याचा फोटो मोबाईलच्या स्टेटसला टाकला आणि घड्याळं-रेडिओ दुरुस्त करणाऱ्या चांदभाईंना वाशीमहून परस्पर बोलावूनही घेतलं.

आता खरं काय ते सांगायलाच हवं. देवमनराव तेव्हा लग्नांचे फोटो काढत. छत्तीस फोटोंचा एक रोल आणि मांडवात चारशे माणसं, त्यात प्रत्येकाला फोटो हवा. मग ते एक युक्ती करत. पाहुण्यापुढे कॅमेरा धरायचा आणि नुसतं फ्लॅशचं बटण दाबायचं. डोळ्यांपुढे उजेड पडला की पाहुणा खूश. धनजला मेव्हण्याच्या लग्नात त्यांनी असे बरेच कोरे फ्लॅश मारले. त्यातला एक सासूबाईंवर. जन्मात कधी फोटोला न बसलेली ती बाई त्या दिवशी आपल्या लेकीशेजारी, म्हणजे पंचफुलाबाईंशेजारी, पदर सारखा करून बसली होती. पण रोलात चारच फोटो उरले होते आणि सप्तपदी व्हायची होती. सासूबाईंचा काय, पुढे केव्हाही काढू, असं जावयाला वाटलं. पोळ्याच्या आधीच सासूबाई गेल्या.

बायकोने फोटो मागितला तेव्हा देवमनरावांच्या तोंडून निघून गेलं, "थो दुसऱ्या रोलात हाये. रोल कॅमेऱ्यात अडकला." दुसरा रोल नव्हताच. खोटं खरं दिसावं म्हणून त्यांनी आतली स्प्रिंग काढून कॅमेरा बिघडवला, फोटोचा धंदा सोडला आणि पिठाची चक्की टाकली. घरचा दोन्ही वेळचा चहाही तेव्हापासून तेच करत. पंचफुलाबाई नुसतं विचारायच्या, "कॅमेऱ्याचं काय झालं?" की हे मुकाट्याने गॅसपाशी.

चांदभाईंनी ओसरीवर सतरंजी टाकून पेचकस काढला, तेवढ्यात स्टेटस पाहून शेजारचे बबनराव येऊन बसले.

"देवमन, माह्या नव्या फटफटीचा फोटो बी त्याच रोलात हाये नं? कॅमेरा दुरुस्त झाला का देतो मनलं होतं तू."

"मनलं असन."

"असन नाई, मनलंच."

चांदभाईंनी वरचं झाकण उघडून आत पाहिलं. "भाऊ, इसकी स्प्रिंग नाई है. टूटी नाई, हैच नाई."

देवमनरावांचा जीव भांड्यात पडला. "मंग कायले टाइम खराब करता? जुना माल, स्प्रिंग कुठं भेटते आता? चाय मांडतो, घ्या अन् निघा."

"हे असन काय, पाहा बरं," म्हणत पंचफुलाबाई आतून मसाल्याचा डबा घेऊन आल्या. जिऱ्याच्या वाटीखालून त्यांनी एक कागदाची पुडी काढली. "एक डाव ह्यायचा सदरा धुताना खिशात भेटली होती. ठेवली जपून."

स्प्रिंग चक्कीत पडली असं देवमनराव बत्तीस वर्षं धरून चालले होते. ती जिऱ्याखाली होती. ती बसवायला चांदभाईंना अर्धा तासही लागला नाही. त्यांनी बटण दाबलं आणि कॅमेरा "खटॅक" वाजला. तो आवाज ऐकून पंचफुलाबाई दारातच उभ्या राहिल्या.

"काढा आता रोल," बबनराव म्हणाले.

"उजेड लागला तर सारं जाईन," देवमनरावांनी शेवटचा धोंडा आडवा टाकला.

"मग गोधडी घ्या नं," मंजुषा म्हणाली आणि घेऊनही आली.

चांदभाई कॅमेरा घेऊन भर दुपारी गोधडीत शिरले. देवमनराव भिंतीला टेकले. एका खोट्यापायी किती राबावं माणसाने? निघू दे एकदाचं बाहेर, असंच त्यांना वाटू लागलं. गोधडी जरा हलली, मग थांबली, आणि घामाने निथळलेले चांदभाई बाहेर आले. त्यांनी देवमनरावांकडे पाहिलं.

"गल गया," ते म्हणाले. "बत्तीस साल में रोल का पानी हो गया. कुछ नाई बचा."

बबनराव गुडघ्यावर हात टेकत उठले. "फटफटी तं कवाच इकली. आता फोटो बी गेला," म्हणत ते घरी गेले.

फाटकापाशी देवमनरावांनी चांदभाईंचा हात धरला.

"रहने दो भाऊ," चांदभाई हळूच म्हणाले. "मेरे अब्बा बी शादियों के फोटो निकालते थे. ऐसा फ्लॅश उनोबी मारते थे."

देवमनराव परत आले. मंजुषा आत गोधडी ठेवत होती. पंचफुलाबाई ओसरीवर एकट्याच होत्या.

"पंचफुला, एक सांगाचं होतं."

"सांगू नका. मले मालूम हाये."

"कवापासून?"

"मांडवातूनच. दुसऱ्यायच्या फोटोले खटॅक वाजे. आमच्या वक्ती नुसता उजेड पडला."

"मंग बोलली काहून नाई?"

"माय खुश होती. लेकीसंग फोटो निघाला म्हनून मरेपर्यंत गावभर सांगत होती. तिले कोन सांगे?"

"अन् ती गेल्यावर?"

"ती गेल्यावर रागच होता. मंग तुमी चाय करू लागले."

पंचफुलाबाईंनी अंगणात दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडल्या, एकीवर बसल्या आणि डोक्यावरचा पदर सारखा केला. दुसरी खुर्ची रिकामी होती.

"काढा."

"रोल नाई त्यात."

"मालूम हाये. काढा."

देवमनरावांनी कॅमेरा डोळ्याला लावला. डोळे भरून आल्यामुळे त्यांना धड काही दिसेना. तरी त्यांनी अंदाजाने दोन्ही खुर्च्या धरल्या आणि बटण दाबलं. खटॅक.

 पंचफुलाबाई पदराने डोळे पुसून उठल्या.

"कॅमेरा तं दुरुस्त झाला," देवमनराव चाचरत म्हणाले. "आता चायचं कसं?"

"रोल आना. रोलवाला फोटो निघाला का चाय मी करीन."

"रोल आता वाशीमलेबी भेटत नाई."

"मंग साखर बेतानं टाका," पंचफुलाबाई म्हणाल्या आणि खुर्च्या उचलू लागल्या.